पुस्तक मिटून पाहा



"मला डोकेच नाही," असे तुम्ही कधी म्हटले आहे का? निदान मनातल्या मनात? मी अनेक वर्षे शिक्षक म्हणून काम केले. या काळात हे वाक्य किती मुलांच्या तोंडून ऐकले, याची मोजदाद नाही. पण असे म्हणणाऱ्या मुलाला खरोखरच डोके नव्हते, असे मला कधी आढळले नाही. त्याची अभ्यासाची रीत चुकलेली असे आणि दोष मात्र तो आपल्या डोक्याला देत असे.

मी यंत्रमागांच्या गावात शिकवत होतो तेव्हाची गोष्ट सांगतो. सहामाही परीक्षेचे पेपर वाटले त्या दिवशी नववीतला एक मुलगा वर्गाबाहेर माझी वाट पाहत उभा होता. पेपराची घडी करून त्याने ती मुठीत धरली होती.

"सर, अब्बा म्हणतात, नापासच व्हायचं असेल तर उद्यापासून माझ्याबरोबर कारखान्यात चल. मी रोज तीन तास बसतो, सर. घरी विचारा. पण पेपर समोर आला की सगळं उडून जातं. मला डोकंच नाही."

मुलगा खोटे बोलणारा नव्हता. मी त्याला म्हटले, "विज्ञानाचं पुस्तक काढ. कोणता धडा चांगला झाला आहे?" त्याने ध्वनीचा धडा काढला. ते पान त्याने इतक्या वेळा वाचले होते, की कडा काळ्या पडल्या होत्या. मी पानावर हात ठेवला आणि विचारले, "प्रतिध्वनी कसा ऐकू येतो, सांग पाहू." त्याने दोन-तीन शब्द उच्चारले आणि तो थांबला. मी हात काढला. त्याने पानाकडे पाहिले आणि पटकन म्हणाला, "हे तर मला येतं, सर!"

मित्रांनो, सगळी गोम या एका वाक्यात आहे. पान समोर असताना त्याला सगळे येत होते. पान झाकले की काहीच येत नव्हते. परीक्षेत तर पान झाकलेलेच असते.

ओळखणे वेगळे आणि आठवणे वेगळे. दहा रुपयांची नोट तुम्ही हजार वेळा हातात घेतली असेल. २०१८ पासून निघालेल्या चॉकलेटी रंगाच्या नोटेच्या मागच्या बाजूला कशाचे चित्र आहे? खिशात हात घालू नका, आधी सांगा. कोणार्कच्या सूर्यमंदिराचे चाक आहे, हे तुमच्यातल्या किती जणांना सांगता आले? नोट दिसली की आपण ती लगेच ओळखतो. म्हणून तिच्यावर काय आहे ते आपल्याला ठाऊक आहे, असे आपल्याला वाटते. धड्याचेही असेच होते. पाचव्यांदा वाचताना वाक्ये ओळखीची वाटतात. जीभ अडखळत नाही. मग मन म्हणते, 'झाला अभ्यास.' खरे तर झाली असते ती फक्त ओळख.

म्हणून माझे पहिले सांगणे असे आहे, की धडा एकदा नीट, समजून वाचा. मग पुस्तक मिटा आणि जे आठवते ते कोऱ्या कागदावर लिहा किंवा मोठ्याने बोला. अडलात तरी लगेच पुस्तक उघडू नका. एक-दोन मिनिटे डोक्याला ताण द्या. नंतर पुस्तक उघडून पाहा, काय राहिले आणि काय चुकले.

हे केवळ माझे मत नाही. अमेरिकेतील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींना तोच उतारा पुन्हा वाचायला सांगितला. काहींना तो न पाहता, आठवेल तेवढा कागदावर लिहायला सांगितला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली, तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. त्यांना शेकडा ८१ भाग आठवला, तर लिहिणाऱ्यांना ७५. पण एका आठवड्याने परीक्षा घेतली, तेव्हा चित्र उलटे झाले. पुन्हा वाचणाऱ्यांजवळ शेकडा ४२ भाग उरला होता आणि आठवून लिहिणाऱ्यांजवळ ५६. वेळ दोघांनी सारखाच दिला होता, फरक होता तो रीतीचा.

याच संशोधकांच्या दुसऱ्या प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली. ज्यांनी तोच उतारा पुन्हा पुन्हा वाचला होता, त्यांनाच वाटत होते, की आपल्याला पुढेही जास्त आठवेल. आठवड्याने आठवले मात्र सर्वांत कमी. याला मराठीत 'फाजील आत्मविश्वास' म्हणतात. हा 'फाजील' शब्द तुमच्या ओळखीचा आहे. उर्दूत 'फ़ाज़िल' म्हणजे विद्वान माणूस. मराठीत 'फाजील' म्हणजे गरजेपेक्षा जास्त, वाजवीपेक्षा अधिक. शब्द एकच, पण पोशाख बदलला की अर्थ बदलतो. पुस्तक न मिटता अभ्यास करणारा विद्यार्थी स्वतःला उर्दूतला फ़ाज़िल समजतो आणि परीक्षेच्या दिवशी मराठीतला फाजील ठरतो!

पुस्तक मिटले की आपल्या चुका दिसतात. पुष्कळ मुलांना याचीच भीती वाटते. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी अशा गावांतल्या मुलांना मी एक उदाहरण देत असे. मागावर काम करणारा कारागीर काय करतो? त्याची नजर धाग्यांवर असते. धागा तुटला की तो माग थांबवतो, तुटलेले टोक शोधतो, गाठ मारतो आणि माग पुन्हा सुरू करतो. तुटलेल्या धाग्याकडे न पाहता त्याने माग तसाच चालू ठेवला, तर कापड लांब होईल, पण त्यात खोट राहील. धडा पुन्हा पुन्हा वाचत राहणे म्हणजे न पाहता माग चालवणे. पुस्तक मिटून आठवणे म्हणजे धागा कुठे तुटला ते शोधणे. धागा तुटला म्हणून कारागीर कधी रडत बसत नाही. मग एक उत्तर चुकले म्हणून तुम्ही का रडावे?

यासाठी एक छोटी वही ठेवा. तिचे नाव 'चुकांची वही'. आज काय अडले, काय चुकले, एवढेच तिच्यात लिहायचे. शेजारी बरोबर उत्तर लिहायचे. परीक्षेच्या आधी सगळे पुस्तक पुन्हा चाळण्यापेक्षा ही वही उघडा. ती तुमच्या स्वतःच्या चुकांवरून तयार झालेली असते. असे मार्गदर्शक बाजारात विकत मिळत नाही.

आता दुसरी सवय. एकदा आठवले म्हणजे काम संपले, असे नाही. माणूस विसरतो. विसरणे हा आजार नाही, तो मनाचा स्वभावच आहे. जर्मनीतील हर्मान एबिंगहाउस या शास्त्रज्ञाने आपण किती वेगाने विसरतो, हे मोजून पाहिले. प्रयोगासाठी त्याने दुसरे कोणी घेतले नाही, तर स्वतःलाच घेतले. अर्थ नसलेल्या अक्षरगटांच्या लांबलचक याद्या तो पाठ करी आणि काही काळाने त्या पुन्हा पाठ करायला किती कमी श्रम पडतात, ते पाही. १८८५ साली त्याने आपले निष्कर्ष छापले. पहिल्या तासाभरातच निम्म्याहून अधिक मेहनत वाया गेलेली असे. दुसऱ्या दिवशी साधारण एक तृतीयांश उरे. त्यापुढे मात्र विसरण्याचा वेग मंद होई. अर्थपूर्ण धडा आपण इतक्या झपाट्याने विसरत नाही, पण उताराची रीत तीच असते. सुरुवातीला घसरण मोठी, मग हळूहळू कमी.

एबिंगहाउसने आणखी एक हिशेब मांडला. पाठ केलेली यादी दुसऱ्या दिवशी सहज म्हणता यावी, म्हणून एकाच दिवशी सलग ६८ वेळा उजळणी करावी लागली. तीच उजळणी तीन दिवसांत वाटून केली, तेव्हा ३८ वेळा पुरली. म्हणजे जवळजवळ निम्मी मेहनत वाचली. आता सांगा, परीक्षेच्या आदल्या रात्री जागून सगळा अभ्यास करणारा विद्यार्थी मेहनती म्हणावा, की उधळ्या?

ही गोष्ट आपल्याला एखाद्या जर्मन शास्त्रज्ञाने सांगायला हवी होती, असेही नाही. तुमच्यापैकी कोणाचा भाऊ किंवा मित्र हिफ्ज करत असेल. त्याचा रोजचा क्रम पाहा. तो उस्तादांना आजचा नवा सबक ऐकवतो. मग मागच्या काही दिवसांतला भाग ऐकवतो. शिवाय पूर्वी पाठ झालेल्या भागातला थोडा, म्हणजे आमोख्ता, फिरवतो. नवे, अलीकडचे आणि जुने, तिन्ही रोज. आणि हे सगळे तो उस्तादांसमोर न पाहता म्हणतो. तीस पारे डोक्यात राहतात ते या शिस्तीमुळे. पुढे रमजानमध्ये तरावीहच्या नमाजात हाफिज पढतात, तेव्हाही मागे ऐकणारा दुसरा हाफिज उभा असतो. चूक झाली तर तो ती तिथल्या तिथे दुरुस्त करतो. इतकी वर्षे पढूनही हाफिज साहेब उजळणी सोडत नाहीत. मग आपण इतिहासाचा धडा एकदा वाचून वर्षभर लक्षात राहील, अशी आशा का धरावी?

शाळेच्या अभ्यासालाही हाच क्रम लावता येईल. आज शिकवलेला धडा आज रात्री पुस्तक मिटून आठवा. दोन-तीन दिवसांनी पुन्हा आठवा. आठवड्याने पुन्हा. मग महिन्याने एकदा. प्रत्येक वेळी दहा मिनिटे पुरतात. दर वेळी थोडे विसरलेले असेल. तेव्हा वैतागू नका. विसरत आलेली गोष्ट कष्टाने आठवली, की ती पहिल्यापेक्षा पक्की बसते.

तिसरी सवय म्हणजे दुसऱ्याला समजावून सांगणे. मी त्या मुलाला विचारले, "घरी तुला ऐकायला कोण आहे?" तो म्हणाला, "अम्मी आहे, पण ती शाळेत गेली नाही." मी म्हटले, "मग तर फारच छान! तिलाच सांग."

दोन दिवसांनी तो हसत आला. अम्मी भाकरी करत असताना त्याने तिला धडा सांगितला होता. "प्रतिध्वनी ऐकू यायला आवाज परत पाठवणारी भिंत निदान १७.२ मीटर दूर हवी," असे तो ठसक्यात म्हणाला होता. अम्मीने पीठ मळता मळता विचारले, "का रे? आपल्या खोलीतही भिंत आहे. इथे का नाही ऐकू येत?"

मुलगा गप्प झाला. आकडा पाठ होता, पण त्यामागचे कारण माहीत नव्हते. त्याने पुस्तक उघडले आणि या वेळी पहिल्यांदाच काहीतरी शोधण्यासाठी वाचले. ऐकलेला आवाज आपल्या मेंदूत सुमारे एक दशांश सेकंद रेंगाळतो. परत येणारा आवाज त्याच्या आत आला, तर तो पहिल्या आवाजात मिसळून जातो. हवेत आवाज एका सेकंदात साधारण ३४४ मीटर जातो, म्हणजे एक दशांश सेकंदात ३४.४ मीटर. हे अंतर जाण्याचे आणि येण्याचे मिळून झाले. त्याचे निम्मे १७.२ मीटर. घरची खोली होती जेमतेम तीन मीटर. मग प्रतिध्वनी वेगळा कसा ऐकू येणार?

हे सांगताना त्याचे डोळे चमकत होते. त्याच्या अम्मीला एक अक्षर वाचता येत नव्हते, पण तिने विचारलेला 'का?' कोणत्याही गाइडमध्ये नव्हता. ज्याला आपण साध्या शब्दांत सांगू शकत नाही, ते आपल्याला अजून समजलेले नाही, असे खुशाल समजावे. सांगायला कोणी नसेल, तर धाकट्या बहिणीला सांगा, मित्राला सांगा. तेही नसतील, तर भिंतीला सांगा. पण 'का?' हा प्रश्न स्वतःला विचारायला विसरू नका.

मराठीच्या अभ्यासालाही या सवयी उपयोगी पडतात. पुष्कळ मुले मराठीला परकी समजून घाबरतात. पण कागद, दप्तर, तारीख, हिशेब, खुर्ची, मदत, मेहनत, हुकूम, बाजार हे शब्द मराठीत फार्सी-अरबीतून आले आहेत. ते तुमच्या घरातलेच आहेत. नवे शिकताना आधी माहीत असलेल्या गोष्टीचे बोट धरावे, म्हणजे वाट सोपी होते. पण जिथे वाट फुटते तिथे सावध राहावे. 'डबा खाली आहे' हे वाक्य घ्या. उर्दू बोलणाऱ्याला वाटेल, डबा रिकामा आहे. मराठी माणूस मात्र वाकून जमिनीवर पाहील! 'किताब' उर्दूत स्त्रीलिंगी, म्हणून मुले 'माझी पुस्तक' लिहितात. मराठीत 'पुस्तक' नपुंसकलिंगी, म्हणून 'माझे पुस्तक'. अशा जागा चुकांच्या वहीत लिहा. रोज पाच शब्द घ्या, उर्दू अर्थ झाका आणि मराठी वाक्य बनवा. नुसते ओळखलेले शब्द बोलताना ओठांवर येत नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, "सर, हे सगळे ठीक आहे. पण आमच्या घरात एकच खोली. सहा माणसे. शेजारी माग खडखडतात. अभ्यास करायचा कुठे?" ही तक्रार खरी आहे. चांगल्या सवयींनी घर मोठे होत नाही आणि फीही भरली जात नाही. ज्याला स्वतंत्र खोली आहे त्याचे काम सोपे आहे, हे मी नाकारत नाही. पण म्हणूनच ज्याच्याजवळ वेळ आणि जागा कमी आहे, त्याने तो वेळ वाया जाणाऱ्या रीतीवर मुळीच घालवू नये. आठवण्यासाठी टेबल लागत नाही. शाळेच्या वाटेवर आठवता येते. नळाच्या रांगेत उभे राहून आठवता येते. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर लिहिता येते. पुस्तक मिटूनच अभ्यास करायचा असेल, तर दिवा गेला तरी तो थांबत नाही.

मोबाइलबद्दलही एक शब्द. त्यावर धडे समजावणारे चांगले व्हिडिओ मिळतात. जरूर पाहा. पण व्हिडिओ पाहताना सगळे समजल्यासारखे वाटते, तेही पुस्तक वाचल्यासारखेच फसवे असते. पाहून झाले की मोबाइल दूर ठेवा आणि काय पाहिले ते सांगा. आठवायला बसलात, की तो हाताशी नको. अडल्याबरोबर तो हातात घेतला, तर डोक्याला कष्ट करण्याची संधीच मिळत नाही. आणि रात्री पुरेसे झोपा. दिवसा शिकलेले मनात पक्के बसायला झोपेची मदत होते.

पालकांना आणि माझ्या शिक्षक बंधुभगिनींनाही मला काही सांगायचे आहे. आपण मुलांना विचारतो, "किती वेळ बसलास?" म्हणून मुले बसायला शिकतात. तीन तास पुस्तक उघडे दिसले, की आपले समाधान होते. मुलालाही वाटते, आपले कर्तव्य झाले. मग निकाल लागतो आणि आपण म्हणतो, "इतका बसतो, तरी येत नाही. याला डोकेच नाही." एका चुकीच्या प्रश्नातून मुलाच्या आयुष्याचा चुकीचा निर्णय होतो. त्याऐवजी रोज विचारावे, "आज काय आठवलं? कुठं अडलं?" हा प्रश्न विचारायला शिकलेले असण्याची गरज नाही, हे त्या अम्मीने दाखवून दिले आहे.

त्या मुलाचे पुढे काय झाले, हे तुम्हाला जाणून घ्यायचे असेल. तो वर्गात पहिला वगैरे आला नाही. वार्षिक परीक्षेत सर्व विषयांत उत्तीर्ण झाला. त्याचे अब्बा निकाल पाहायला स्वतः शाळेत आले आणि बराच वेळ तो कागद हातात धरून उभे राहिले. दहावीनंतर मुलगा आयटीआयमध्ये गेला. माझ्या मनात मात्र दुसरीच गोष्ट राहिली आहे. "मला डोकंच नाही," हे वाक्य त्याने पुन्हा उच्चारले नाही. तो येऊन म्हणत असे, "सर, मला हे अजून येत नाही. इथपर्यंत येतं, इथं अडतं." कुठे अडते हे ज्याला सांगता येते, तो निम्मी वाट चाललेला असतो.

मित्रमैत्रिणींनो, धडा येथे संपला, पण तुमचे काम आता सुरू होते. 'वा, छान सांगितले!' असे म्हणून पान उलटू नका. पुस्तक मिटा. एक कागद घ्या. या धड्यात कोणत्या तीन सवयी सांगितल्या, आणि प्रतिध्वनीसाठी १७.२ मीटरच का लागतात, ते आपल्या शब्दांत लिहा. अडलात तर थोडा वेळ थांबा. घाईने पान उघडू नका.

धागा कुठे तुटला आहे, तो तुम्हीच शोधा.